निष्कर्ष आणि त्याची वाट

एखाद्या निष्कर्षास आपण खरा म्हणतो, तो त्या निष्कर्षाकडे पाहून, की तेथवर आणणाऱ्या वाटेकडे पाहून? प्रश्न जुना आहे. परंतु माहितीची चित्रे संगणकाच्या पडद्यावर हवी तशी फिरवून पाहण्याची सोय झाल्यापासून त्यास नवी धार आली आहे. अशा चित्रापुढे बसलेला मनुष्य नुसता प्रेक्षक राहत नाही. तो काही वर्षे निवडतो, काही तालुके वगळतो, प्रमाण बदलतो. आणि शेवटी जे दिसते त्यात आकड्यांइतकाच त्याच्या निवडीचाही वाटा असतो.

आमचा अहिल्यानगर जिल्हाच (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) पाहावा. पश्चिमेस अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरच्या बाजूस, पाऊस मुसळधार कोसळतो. पाथर्डी, कर्जत, जामखेड हा भाग पर्जन्यछायेत पडतो. साऱ्या जिल्ह्याची सरासरी काढून नकाशा रंगविला, तर घाटमाथ्याचे पाणी कागदोपत्री पाथर्डीच्या शेतापर्यंत पोचते! अकोले वगळले, की तोच नकाशा कोरडा दिसू लागतो. आकडे दोन्हीकडे खरेच. परंतु टँकर कोठे पाठवावा हे ज्याने ठरवावयाचे, त्याच्यापुढे केवळ शेवटचे चित्र आले, तर त्यामागील निवड त्यास कशी कळावी?

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ साली अशा चित्रांच्या बाबतीत सात कार्ये सांगितली; पाहणाराच्या कृतींचा इतिहास राखणे हे त्यांतील एक. हेतू असा, की टाकलेले पाऊल मागे घेता यावे, तेच पुन्हा टाकून पाहता यावे, आणि शोध टप्प्याटप्प्याने नेमका होत जावा. या सोयीत आम्हांस नीतीचाही अंश दिसतो. ज्यास मागे फिरता येते तो धीटपणे तर्क लढवितो. आणि ज्याची वाट दिसते त्यासच दुसरा कोणी ‘येथे चुकलात’ असे सांगू शकतो.

यावर असा आक्षेप येईल, की माणसाचे प्रत्येक चाचपडणे नोंदले जाऊ लागले, तर तो विचार करण्याऐवजी शहाणा दिसण्याची खटपट करील, आणि वरिष्ठांच्या हाती ती नोंद हेरगिरीचे साधन होईल. हा आक्षेप पोकळ नाही. त्याचे उत्तर मात्र आपल्या गावच्या महसुली दप्तरातच सापडते. सातबाऱ्याचा उतारा म्हणजे जमिनीचे आजचे चित्र. ते कसे बनले हे गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, सांगते. फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांस नोटीस जाते व हरकतीस १५ दिवसांची मुदत मिळते. परंतु जमीन विकावी की न विकावी म्हणून घरात झालेली वादावादी, बांधावर झालेली घासाघीस त्या वहीत कोणी लिहीत नाही. दुसऱ्याच्या हक्कास स्पर्श करणारा बदल तेवढा तीत येतो.

हीच मर्यादा आम्हांस योग्य वाटते. विचार चालू आहे तोवर त्याच्या पाऊलखुणा विचार करणाराच्या. त्या इतरांनी उकरू नयेत. परंतु निष्कर्ष दुसऱ्याच्या शेताशी वा हक्काशी जाऊन भिडला, की त्यास आधारभूत झालेली निवड आणि वाटेत दिसलेले विरोधी चित्र, दोन्ही उघड झाली पाहिजेत. ज्याच्या घागरीत त्या नकाशामुळे पाणी पडणार नाही, त्यास तो नकाशा कसा रंगविला हे विचारण्याचा अधिकार आहे.