पिसारा गळतो, मोर उरतो



दिल्लीतील आर. के. पुरम ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून गेलेली मराठी कुटुंबेही तिथल्या क्वार्टर्समध्ये राहतात. याच वसाहतीत, सेक्टर ७ मधल्या एका टेकडीवर मलै मंदिर आहे. तमिळमध्ये ‘मलै’ म्हणजे डोंगर. १९७३ साली येथे स्वामीनाथ रूपातील कार्तिकेयाची प्रतिष्ठापना झाली. कार्तिकेयाचे वाहन मोर, आणि या मंदिराच्या परिसरात खरेखुरे मोरही फिरताना दिसतात.

आपण श्रावणाच्या सुमारास तिथे गेलात तर पिसारा फुलवून नाचणारा मोर दिसेल. तोच मोर दसऱ्याच्या सुमारास पाहिलात तर क्षणभर ओळखूही येणार नाही, कारण त्याचा पिसारा गळून गेलेला असतो. तरीही तो पूर्वीसारखाच मान ताठ ठेवून दाणे टिपत फिरत असतो. आज या मोराकडून आपल्याला काही शिकायचे आहे.

रंग कुठे आहे?

मोरपिसाचा निळा-हिरवा रंग आपण लहानपणापासून पाहतो. वहीत पीस ठेवले नाही असे मूल क्वचितच असेल. पण त्या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच! त्यात असते ते मेलॅनिन, म्हणजे आपले केस काळे करणारे तेच द्रव्य. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या पिसाच्या तंतूंमध्ये जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. दोन कांड्यांमधील अंतर केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी कमी असते. या जाळीवर प्रकाश पडला की ठरावीक रंगच परत फिरतो. अंतर जरा कमी असेल तर निळा, जरा जास्त असेल तर हिरवा. तेच पीस कुटून त्याची भुकटी केली तर रचना मोडते आणि हाती केवळ तपकिरी पूड उरते.

साधकांनो, आपण म्हणतो, ‘माझ्यात काही विशेष गुण नाहीत, मी काय साधना करणार?’ मोरपिसातही विशेष असे काही नाही. साधे काळे द्रव्य आहे, परंतु ते शिस्तीने रचलेले आहे. रोजची ठरलेली वेळ, ठरलेले नामस्मरण, ठरलेली सेवा, ही आपल्या आयुष्याची रचना आहे. ती नीट बसली की सामान्य माणसाच्या जीवनातही तेज दिसू लागते.

पिसारा कोण उचलतो?

दुसरी गोष्टही अशीच नवल करण्यासारखी आहे. आपण ज्याला मोराची शेपटी समजतो ती शेपटी नव्हेच. शेपटीच्या वर, पाठीच्या शेवटी उगवलेली ती लांब पिसे असतात. संख्येने दीडशे ते दोनशे. खरी शेपटी त्यांच्या मागे असते, आखूड, ताठ आणि मळकट रंगाची. मोर पिसारा उभारतो तेव्हा तीच मागून त्याला आधार देते. समोरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

आपल्या सत्संगात व्यासपीठावर बोलणारा एक असतो. सतरंज्या अंथरणारे, चपला नीट लावणारे, प्रसादाची भांडी घासणारे मागे असतात. आपली जागा मागे आहे म्हणून कुणाला खंत वाटत असेल, तर त्याने मोराला एकदा मागच्या बाजूने पाहावे.

सोडण्याची वेळ

आता मुख्य मुद्दा. मोराला पूर्ण पिसारा यायला जन्मापासून सुमारे तीन वर्षे लागतात. इतक्या काळाने मिळालेले हे वैभव तो दरवर्षी टाकतो. विणीचा हंगाम संपला, दिवस लहान होऊ लागले, की शरीरातील संप्रेरके बदलतात आणि पिसे गळू लागतात. जुन्या पिसाच्या मुळाशी नवे पीस वाढू लागते आणि तेच जुन्याला बाहेर ढकलते. पुढच्या हंगामापर्यंत पिसारा पुन्हा तयार होतो.

आपल्यापैकी अनेकांचे निवृत्तीचे वर्ष जवळ आले असेल. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी, दारावरची नेमप्लेट, आदबीने उठून उभा राहणारा शिपाई, आणि ज्या क्वार्टरमध्ये मुले लहानाची मोठी झाली तिची किल्ली, हे सगळे परत करायचे असते. त्या दिवशी मनात येते, ‘आता मी कोण?’ हा प्रश्न खोटा नाही आणि त्याचे दुःखही खोटे नाही. पण स्वतःला विचारून पाहा, गळाले ते पीस होते की मोर? पद हा हंगामाचा साज होता. तो धारण करणारे आपण तेव्हाही होतो, आजही आहोत. आणि जुने गळते आहे त्याअर्थी आत काही नवे उगवू पाहते आहे. त्याला जागा द्या.

श्रद्धेला खोट्याचा टेकू नको

लांडोर मोराचे अश्रू पिऊन गर्भवती होते, म्हणून मोर पवित्र, असे आजही सांगितले जाते. हे खरे नाही. इतर पक्ष्यांप्रमाणेच मोर-लांडोरीचे मीलन होते. पावित्र्य सिद्ध करण्यासाठी असत्य सांगावे लागत असेल तर ती श्रद्धा दुबळी समजावी. भगवंताच्या सृष्टीचे खरे रूप जाणणे हीसुद्धा उपासनाच आहे.

मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. श्रीकृष्णाच्या मुकुटात आणि आपल्या वासुदेवाच्या टोपीवर मोरपीस शोभते. आपल्या देवघरातले पीस मात्र मोराने स्वतः टाकलेले असावे, त्याच्या अंगातून उपटलेले नसावे. पक्ष्याला वेदना देऊन मिळवलेले पीस देवाला कसे आवडेल?

या आठवड्यात एक छोटा संकल्प करूया. आपण घट्ट धरून ठेवलेली एखादी गोष्ट निवडावी. एखादा मान, एखादा जुना राग, ‘माझ्याशिवाय चालणार नाही’ हा आग्रह. ती कुणी हिसकावून घेण्याआधी स्वतःहून, प्रसन्नपणे खाली ठेवावी.

सर्वांचे मंगल होवो.

॥ हरि ॐ ॥