खैरात, हक्क आणि हात

समजा, सौंदडमधल्या एका घरात वीस वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेला आहे. आई रोवणीच्या मजुरीला जाते. दाखल्यासाठी त्याला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे, अनुदानाच्या अर्जासाठी सडक अर्जुनीची तहसील गाठायची. गावाला रेल्वेस्थानक आहे, महामार्ग आहे. पण मुलाला उचलून गाडीत बसवायला दुसरा माणूस लागतो आणि त्या दिवशी दोघांचीही मजुरी बुडते. सरकार या आईचे काय देणे लागते?

आपले पहिले उत्तर दयेचे असते. रमजानमध्ये त्या दारात धान्य पोचते, देणाऱ्याला सवाब मिळतो. यात वाईट काही नाही. पण जकात म्हणजे खैरात नव्हे, हे आपण विसरतो. निसाबाइतकी संपत्ती वर्षभर राहिली की अडीच टक्के द्यायचेच. तिथे देणाऱ्याची मर्जी चालत नाही. घेणाऱ्याचा तो हक्क असतो, म्हणून त्याने मान खाली घालायचे कारण नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची भूमिका हीच आहे. त्याच्या २४ व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीस भत्त्याचाही उल्लेख आहे. मात्र त्याच कलमात सरकारच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही घातली आहे. तिजोरी अमर्याद नसते, हे खरे. पण कुवत नुसती मोजली जात नाही, ती ठरवलीही जाते. आधी कोणाचे वाढायचे, यावर ती ठरते. उरलेच तर देऊ, असे म्हणून दिलेला हक्क पुन्हा खैरातच होतो.

म्हणून आधीच बाजूला काढलेला हिस्सा मोलाचा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. पण हिशेब करून पाहा. उत्पन्न दहा लाख असेल तर हिस्सा पन्नास हजार. गावात पन्नास अपंग असतील तर माणशी वर्षाला हजार रुपये. गाव गरीब म्हणून तिथले अपंगत्व हलके होत नाही. तेव्हा उणे पडेल ते राज्याने भरून द्यायला हवे.

पैसा आला तरी प्रश्न संपत नाही. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचे अनुदान २०२५ मध्ये दरमहा अडीच हजार झाले. ते हवेच होते; पण अडीच हजार रुपये मुलाला कुशीवर वळवत नाहीत. त्यासाठी हात लागतो. गावातल्याच एखाद्या बाईला मानधन देऊन रोज दोन तास त्या घरी पाठवता येणार नाही का? पगारी माणूस आला की शेजारधर्म मरेल, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. शेजारीणही मजूरच आहे. तिच्या मनात माया असते. नसतो तो मजुरी बुडवण्याइतका पैसा.

उमय्या खलिफा वलीद (इ.स. ७०५ ते ७१५) याच्याविषयी तबरीने नोंदवले आहे, की त्याने लंगड्यांना सेवक आणि आंधळ्यांना वाटाडे नेमून दिले आणि कुष्ठरोग्यांना भीक मागावी लागू नये म्हणून वेतन बांधून दिले. वलीद काही संतपुरुष नव्हता. पण आंधळ्याला नुसते नाणे पुरत नाही, हे त्याला कळले होते. तेराशे वर्षांनी सौंदडच्या त्या आईलाही तेवढेच हवे आहे.