दम केलेले पाणी

मगरिबची नमाज संपायच्या सुमारास मशिदीच्या दाराशी बायका आजारी मुलांना कडेवर घेऊन उभ्या राहत. हातात पाण्याची बाटली असे. बाहेर पडणारा नमाजी आयत पुटपुटून मुलाच्या तोंडावर आणि बाटलीतल्या पाण्यावर फुंकर घाली आणि चपला शोधू लागे. चंद्रपुरातल्या आमच्या मोहल्ल्यात त्या रांगेत तेल्यांच्या, कोष्ट्यांच्या, गोंडांच्या घरच्या बायकाही असत. कुणी कुणाला जात विचारत नसे. आम्हा भावंडांपैकी कुणाला ताप आला की अम्मी आधी त्या दाराशी नेई आणि मग सरकारी दवाखान्यात. हा क्रम तिने कधी उलटा केला नाही आणि त्यातला दुसरा भाग कधी गाळलाही नाही. पुढे आम्ही शिकलो, हमीद दलवाई वाचले आणि त्या पाण्याला हसू लागलो. अलीकडे ते हसणे कमी झाले आहे. म्हणजे आम्ही तावीजवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसलो असे कुणी समजू नये. एक प्रश्न सुटत नाही, एवढेच.

प्रश्न असा. माणसाचा विश्वास त्याच्या शरीरावर खरोखर काही परिणाम करीत असेल, तर तो विश्वास खोट्या गोष्टीवर असला तरी चालेल काय? आणि तो निर्माण करणाऱ्याला, मग तो बाबा असो, डॉक्टर असो की संमोहन-उपचार करणारा असो, खोटे बोलण्याची मुभा आहे काय?

पहिला भाग आता वादाचा राहिलेला नाही. 1978 साली अमेरिकेत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध म्हणून दिलेल्या निव्वळ बनावट द्रव्याने काहींचे दुखणे कमी झाले होते. त्यांना नॅलॉक्सोन, म्हणजे अफूचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर दुखणे पुन्हा वाढले. याचा अर्थ, विश्वासाने शरीर स्वतःच अफूसारखे द्रव्य तयार करीत होते. पोटाच्या एका चिवट विकारात, ज्यात आतडी तपासून दोष सापडत नाही पण दुखणे खरे असते, संमोहनाचा उपयोग होतो हे मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले. संमोहन म्हणजे वशीकरण नव्हे, हे तर आपल्या गोव्याच्या कांदोळीत जन्मलेले पाद्री आबे फारिया दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगत होते. समोरच्या माणसातून कसलीही चुंबकशक्ती वाहत येत नाही. जे घडते ते ज्याला निद्रा येते त्याच्या स्वतःच्या मनात घडते, असे त्यांचे म्हणणे. लोकांनी त्यांची टिंगल केली. 1819 मध्ये ते वारले. आज पणजीत त्यांचा पुतळा आहे, आणि पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात.

आम्हाला याहून जवळची वाटते ती हुगळीची गोष्ट. हाजी मुहम्मद मोहसिन यांच्या वक्फाच्या पैशावर चालणाऱ्या तिथल्या इमामबाडा रुग्णालयात जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता. 1845 साली, क्लोरोफॉर्म यायच्या आधी, त्याने मेस्मरिझमच्या गुंगीत शस्त्रक्रिया सुरू केल्या. अंधाऱ्या खोलीत त्याचे देशी मदतनीस रुग्णाच्या अंगावरून तासन् तास हात फिरवीत आणि मग हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठी कापल्या जात. तोच हत्तीरोग चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या अंगावर वागवला आहे. 1846-47 मध्ये ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि एस्डेलची पद्धत मागे पडली. ते योग्यच झाले. तासन् तास कशाला, जे काम काही मिनिटांत आणि खात्रीने होते? पण गाठ कापणारा चाकू त्याही वेळी चाकूच होता. गुंगीने गाठ वितळली नव्हती.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घरात नेमकी हीच गल्लत झाली. आमच्या मामूंना मधुमेह होता. एका मोठ्या शहरातल्या संमोहन-उपचार केंद्राची जाहिरात पाहून ते तिथे गेले. त्या गृहस्थांनी तासभर त्यांच्याशी गप्पा केल्या, डोळे मिटायला लावले आणि सांगितले, “तुमची साखर रक्तात नाही, मनात आहे.” मामू परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. झोप लागू लागली, भूक लागू लागली. गोळ्या त्यांनी आपणहून कपाटात ठेवून दिल्या. चार महिन्यांनी पायाला चपलेचा खिळा लागला, ती जखम भरेना, आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली. नवल हे की मामू त्या माणसाला शेवटपर्यंत चांगला म्हणत राहिले. आम्ही चिडायचो. ते म्हणायचे, “बेटा, त्याने एक तास माझं ऐकून घेतलं. तुमचा डॉक्टर मान वर करून बघत नाही.” या वाक्याला आमच्यापाशी आजही उत्तर नाही.

उत्तर थोडेफार असेल तर ते गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय बंग यांना 1995 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिले, ते 2000 साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांत गेले. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकून आलेला माणूस स्वतःच्या धावपळीची, रागाची, मृत्यूच्या भीतीची तपासणी करतो, हे आम्हाला त्यात मोलाचे वाटले. डीन ऑर्निश यांच्या ज्या प्रयोगाची या संदर्भात चर्चा होते, तो 1990 चा. कडक शाकाहार, व्यायाम, ध्यान आणि एकमेकांशी मन मोकळे करणे असा कार्यक्रम वर्षभर पाळणाऱ्यांच्या हृदयधमन्यांतले अडथळे सरासरीने किंचित कमी झाले, न पाळणाऱ्यांचे वाढले. रुग्ण पन्नासाच्या आतच होते, आणि यातला ध्यानाचा वाटा किती, तेल सोडण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. उत्साही मंडळी हे विसरतात आणि ‘ध्यानाने ब्लॉक निघतात’ असे सांगत सुटतात.

त्या पुस्तकापेक्षाही आम्हाला शोधग्रामचा दवाखाना जास्त शिकवून जातो. राणी आणि अभय बंग यांनी सांगितलेली हकीकत अशी की, मोठ्या इस्पितळाची तुम्हाला भीती का वाटते, असे आदिवासींना विचारले तेव्हा त्यांनी पांढऱ्या कपड्यांकडे बोट दाखवले. आम्ही प्रेताला पांढऱ्यात गुंडाळतो, आणि तुमचे डॉक्टर-नर्स तेच नेसून हिंडतात; ते जीव काय वाचवणार? आम्हा मुसलमानांना हे चटकन् कळावे. कफन आमचेही पांढरेच. पण हजचा एहराम पांढरा, ईदचा कुर्ता पांढरा, म्हणून आम्हाला पांढऱ्याचे भय नाही. कपडा एकच आणि त्याने छातीत धडधड होते की दिलासा मिळतो, हे त्याला कोणत्या आठवणी चिकटल्या आहेत त्यावर ठरते. त्यांनी दवाखाना गावातल्या घरांसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहू दिले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. म्हणून काही तिथे देवीचा अंगारा देऊन बोळवण करीत नाहीत. आत तपासणी आहे, शस्त्रक्रिया आहे. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी एकूणचाळीस गावांतल्या नवजात बालकांवरचे काम मांडले. गावातल्याच बायांना शिकवून घरीच केलेल्या देखभालीने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. दार उघडले ते ओळखीच्या बाईवरच्या भरवशाने, आणि बाळ वाचवणाऱ्या कामात जंतुनाशकाचे इंजेक्शनही होते. दोहोंपैकी एक काढून घ्या, गणित कोसळते.

आता खोटे बोलण्याच्या मुभेविषयी. निजामी अरूजीच्या ‘चहार मकाला’त इब्न सीनाची एक गोष्ट आहे. एका शहजाद्याला आपण गाय आहोत असा भ्रम झाला. मला कापा म्हणून तो हंबरायचा आणि अन्न घेत नसे. इब्न सीना हातात सुरा घेऊन खाटकाच्या वेषात आला, त्याला चाचपले आणि म्हणाला, ही गाय फार रोड आहे, आधी खाऊन पुष्ट होऊ द्या. शहजादा खाऊ लागला, अन्नाबरोबर औषधही पोटात जाऊ लागले आणि तो बरा झाला. इब्न सीना खोटे बोलला खरा. पण तो रुग्णाच्या खोट्यात शिरला तो त्याला अन्न आणि औषध द्यायला. मामूंच्या त्या गृहस्थांनी मामूंना खोट्यात नेले आणि त्यांची गोळी सुटली. आम्हाला दोघांतला फरक इथे दिसतो. तरीही इब्न सीनाला सूट देताना मन थोडे कचरते, कारण प्रत्येक भोंदू स्वतःला इब्न सीनाच समजतो. त्यात 2010 मध्ये हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी पोटाच्या त्याच चिवट विकाराच्या ऐंशी रुग्णांवर प्रयोग केला. अर्ध्यांना ‘यात औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या, आणि त्यांच्यात आराम पडलेले जास्त निघाले. खोट्यावाचून चालतच नाही, ही सबब मग बरीच लंगडी पडते.

आणि विश्वासाची दुसरी बाजू या जंगलात फार जवळून दिसते. मेंदूत शिरलेल्या हिवतापाने माणूस बरळू लागतो. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा झाली. इथे मन शरीराला नव्हे, शरीर मनाला हलवत असते, आणि पुजाऱ्याकडे गेलेली एक रात्र जीव घेऊन जाते. बाधा म्हटली की ती करणारा कुणीतरी शोधावा लागतो. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारले. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात दोघांना जाळले. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा अमलात होता. आमच्या समाजाने यावर तोंड वर करून बोलू नये. 2001 मध्ये तमिळनाडूच्या एरवाडीत दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या निवाऱ्यात साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले, पंचवीसहून अधिक. त्यांना सोडवायला कुठला पीर आला नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून ‘दवा-दुआ’ नावाचे काम सुरू झाले. मुजावरच रुग्णाला शेजारच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. यात मुजावरांनी दुआ सोडली नाही, डॉक्टरांनी दर्ग्याला शिव्या दिल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणालाच माफ करणार नाही, मग तो मौलवी असो की मनोबलाचा वर्ग घेणारा. सिकलसेलने कळवळणाऱ्या पोराला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे म्हणणे. त्याच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात त्या आईबापांकडून आलेल्या दोषाने. त्यात त्याच्या श्रद्धेचा काय गुन्हा?

गेल्या पावसाळ्यात आम्ही मगरिबनंतर बाहेर पडत होतो. दाराशी एकच बाई होती, धानोऱ्याकडची असावी, मुलाचे डोळे तापाने लाल. तिने बाटली पुढे केली. फुंकरीने ताप उतरत नाही हे आम्हाला ठाऊक, आणि आम्हाला ते ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही. मागे माणसे खोळंबली होती. आम्ही फुंकर घातली आणि विचारले, “बाई, रक्त तपासलं काय याचं?”

“सकाळीच आशाताईनं बोटाचं रक्त घेतलं,” ती म्हणाली, “गोळ्या सुरू आहेत जी. तुम्ही फुंका.” आणि तिने बाटली आमच्या मागच्या माणसापुढे धरली.