आवडतं म्हणालो, घेतो नाही

अण्णांच्या मोबाइलमधला बॅलन्स जायला लागला तेव्हा पहिला संशय माझ्या पुतण्यावर आला. २०१२ सालचा हिवाळा, कापूस वेचणीचे दिवस. पाथरीच्या बसस्टँडजवळून पन्नासाचं रिचार्ज मारून आणायचं आणि चार-पाच दिवसांत फोनमधल्या बाईनं सांगायचं, आपल्या खात्यात पुरेशी रक्कम नाही. पुतण्या बारा वर्षांचा. तूच कुणाला तरी लावीत असशील, म्हणून त्यानं वहिनीच्या हातचा मार खाल्ला.

सुट्टीला मी परभणीहून घरी आलो आणि मेसेज उघडून बघितले. सगळे इंग्रजीत. भक्तिगीतांचे रोज पाच रुपये, राशिभविष्याचे रोज तीन. अण्णांना मराठी पोथी घडाघडा वाचता यायची, पण हे कसं वाचणार? माझा आवाज चढला.

"अण्णा, तुम्ही हो कामून म्हणलाव?"

"पोरगी बोलू लागली व्हती. भजनं आवडतेत का म्हन्ली. आवडतेत म्हन्लं. मंग एक दाबा म्हन्ली, दाबलं. आवडतं म्हन्लो मी, घेतो म्हन्लो नाही."

"ती पोरगी नव्हती, टेप होती."

"मंग टेपला काय ठावं, मी काय म्हन्लो ते?"

मी कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा अदबीनं बोलला. सर, कस्टमरनंच होकार दिलाय, आमच्याकडं रेकॉर्ड आहे. सेवा बंद होईल, गेलेले पैसे मिळणार नाहीत. पैसे फार नव्हतेच. पण 'होकार' हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला.

अण्णा काही भोळे नव्हते. बैल घ्यायचा तर आधी दात बघणार, मग चालवून बघणार, मग दलालानं रुमालाखाली हात धरून बोटं दाबली की हे मान हलवणार. बैल आवडला म्हणाले म्हणून कुणी दावं हातात दिलं नाही. इसार आपल्या हातानं दिला की सौदा झाला. त्याआधीचं सगळं बोलणं नुसतं बोलणं. आवडणं आणि घेणं यांच्यामध्ये आमच्या बाजारानं चांगली रुंद जागा सोडलेली आहे. तिथं माणसाला माघारी फिरता येतं, आणि फिरला म्हणून कुणी नाव ठेवत नाही. फोननं तीच जागा बुजवली. अण्णांचा इसार आधीच त्यांच्या ताब्यात होता, रिचार्जच्या रूपानं.

तरी बटण दाबलं ते त्यांनीच, हेही मला टाळता येत नाही. न कळता दाबू नये. पण दाबायला शिकवलं कुणी? फोन मीच घेऊन दिला होता. हिरवं दाबा की बोला, लाल दाबा की बंद, एवढंच सांगून परभणीची गाडी धरली होती. या डबीतून पैसेही जातात, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवाय बोलणाऱ्याला हं हं म्हणायचं हे तर आमचं जुनं वळण. म्हातारीनं गोष्ट सांगावी आणि पोरांनी हुंकार द्यावा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. त्या 'हं'चा अर्थ एवढाच, की मी ऐकतोय, तुला एकटं बोलायला लावत नाही.

फसणारे फार असावेत. जुलै २०१३ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दुसऱ्यांदा खात्री करून घ्या. बंद करायला १५५२२३ हा नंबरही आला. मी तो भिंतीवर, कॅलेंडरच्या वर, खडूनं लिहून ठेवला. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तीच बुजवलेली जागा थोडी उकरून देणं, असं मला तेव्हा वाटलं.

पुतण्याची माफी कुणीच मागितली नाही. अण्णांनी त्याला एकदा बाजारात नेऊन भजी खाऊ घातली, एवढंच. पोरगं आता मोठं झालंय. मार आठवतो म्हणतो, भजी आठवत नाहीत.

अण्णांनी मात्र त्यानंतर फोनवर 'हं' म्हणणंच सोडलं. मी परभणीहून बोलायचो, पिकाचं, पावसाचं, पोरांच्या शाळेचं. पलीकडं सगळं गप्प. लाइन कटली वाटून मी विचारायचो, "अण्णा, हाव का?"

जरा वेळानं आवाज यायचा, "आयकायलोय. तू बोल."