मोरा बंदर आणि घारापुरीचा खंडित देव

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला लागून असलेल्या उरणचे मोरा बंदर लाँचने भाऊच्या धक्क्याशी जोडलेले आहे. उरण तालुक्यातच, समुद्रात, घारापुरी बेट आहे. तिथली मुख्य शैव लेणी साधारण सहाव्या शतकातली. १९८७ साली ती जागतिक वारसा यादीत आली. पोर्तुगीज अमलात इथल्या शिल्पांची मोडतोड झाली. बऱ्याच देवांना आज हात-पाय नाहीत.

खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, तिचे विसर्जन करावे, असा रूढ आचार आहे. पण डोंगरातच कोरलेल्या देवाचे विसर्जन करणार कसे? शैव आगमांत याचे उत्तर शोधता येते. त्यांच्या मते शिव मुळात निराकार. मूर्ती साकार, आणि लिंग या दोहोंच्या मधले. घारापुरीची मांडणी याला जुळणारी वाटते. पर्यटक सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्रिमुखी सदाशिवासमोर थबकतात (त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश समजणे ही जुनी गैरसमजूत). गाभारा मात्र लिंगाचा आहे, चार दारांचा, प्रत्येक दाराशी भग्न द्वारपाल. महाशिवरात्रीला होड्यांनी येणारे भाविक याच लिंगापुढे हात जोडतात; भोवतीच्या भंगलेपणाची अडचण त्यांना वाटत नाही.