पुसलेली पाटी

पाटी पुसली की अक्षर गेले, ही आम्हां मास्तरमंडळींची जन्माची समजूत. मोबाइलने ती खोटी ठरविली. तेथे मजकूर पुसला म्हणजे पुष्कळदा 'ही जागा मोकळी' एवढीच नोंद होते; तीवर नवे लिहिले जाईपर्यंत जुने तसेच राहते आणि न्यायसहायक प्रयोगशाळेतले जाणकार ते उकरून काढू शकतात.

खुनाचा माग असा लागत असेल तर त्यांना दुवाच द्यावा. परंतु २०२० साली सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतरच्या तपासातले जुने खासगी संदेश दूरचित्रवाणीवरून घरोघर वाचून दाखविले गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितले होते.

माणूस गुन्हा लपवायला पुसतो, तसाच रागाने लिहिलेल्याची लाज वाटूनही पुसतो. यंत्राला दोन्ही सारखेच. आमच्या कोल्हापुरात पेठेतले भांडण चौकात कडाडते आणि एका पंगतीला तांबडा रस्सा ओरपला की निवते. त्या शिव्यांची वही कोणी ठेवीत नाही, म्हणून उद्या एकमेकांना तोंड दाखविता येते.

न्यायाधीशाने पुसलेले जरूर वाचावे. त्याला निवाडा करायचा असतो. शेजाऱ्याला कसला निवाडा करायचा आहे? ज्याने आपला शब्द आपण होऊन मागे घेतला, त्याला तो पुन्हा वाचून दाखविणे, याला मी सत्यप्रियता म्हणणार नाही.