वजन वाढवून मग या



'बाळाच्या टाळूला भेग आहे' असे सांगितले की आजीचा हात आधी बाळाच्या डोक्यावर जातो. आपल्या भाषेत डोक्यावरची मऊ जागाही टाळू आणि तोंडातले छतही टाळूच! ओठ धड असेल तर ही आतली भेग घरात कळत नाही; दूध नाकावाटे येऊ लागले की शंका येते. कधी वरची त्वचा अखंड असते आणि आतले स्नायूच जुळलेले नसतात. तेव्हा डॉक्टर बोटाने टाळूचे हाड चाचपतात, पडजीभ दुभंगली आहे का ते पाहतात.

भेग सापडली म्हणून लगेच शस्त्रक्रिया होत नाही. हृदय, श्वास, कान, रक्त आणि वजन तपासावे लागते. टाळूचे स्नायू कानाची नळी उघडतात. ते जुळलेले नसतील तर कानात पाणी साचते आणि ऐकू कमी येते. टाळू साधारणपणे 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान शिवतात, कारण पुढे बोलण्याला चुकीचे वळण लागते. पण अशक्त बाळाला भूल देणे धोक्याचे. मग आईला सांगितले जाते, "वजन वाढवून मग या."

हे सांगणे न्यायाचे आहे का?

आपल्याच पुणे जिल्ह्यातले आहुपे घ्या. आंबेगाव तालुक्यातले, सह्याद्रीच्या कड्यावरचे गाव. डिंभे धरणाच्या बाजूने वळणे घेत घोडेगावला उतरायचे, तिथून पुढे शहर गाठायचे. भातलावणीची मजुरी बुडवून आलेल्या आईला हे शब्द नकारासारखेच वाटणार. तरीही डॉक्टरांचे चुकते असे आम्हांला वाटत नाही. दयेपोटी नियम मोडला तर जीव बाळाचाच जाईल.

अडचण दुसरीकडे आहे. भेगेमुळे बाळाला दूध ओढता येत नाही, म्हणूनच वजन वाढत नाही. जे आजाराने हिरावले तेच आपण आईकडे मागतो आणि तिला एकटीला परत पाठवतो. हा मात्र अन्याय आहे. बाळाला उभे धरून वाटी-चमच्याने थोडे थोडे दूध कसे पाजावे, मध्ये ढेकर कशी काढावी, हे कोणीतरी तिच्या शेजारी बसून दाखवायला हवे. 2013 साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे आणि उपचार मोफत आहेत. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असते. मधल्या महिन्यांत आईजवळ कोण असते?

तपासणीत विचारतात, 'गरोदरपणी कोणती औषधे घेतली? घरात आणखी कोणाला असे आहे?' गावाने आधीच 'ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस' असे सुनावलेले असते; तिला हाही आरोपच वाटतो. ग्रहणाचा या भेगेशी काडीचाही संबंध नाही. संत मार्कच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या, अडखळत बोलणाऱ्या माणसाला येशू गर्दीतून बाजूला नेतो, मग त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो. आधी बाजूला नेतो, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आपल्या ओळखीत असे बाळ असेल तर मिस्सानंतर आम्हांला भेटा. आईला एकटीने यावे लागू नये म्हणून सोबत कोण जाईल, तेही त्याच वेळी ठरवू.